स्टीम डेक ओएलईडी: आधी चार्जर बघा, मग बाकीचं

डेकसोबत फुकट आलेल्या कन्व्हर्टरची तक्रार केली, तर परवा विक्रेत्याने शेवटचं उत्तर दिलं, "फ्री आयटमला वॉरंटी नसते, सर." त्या रागातच हे लिहायला बसलोय.

स्टीम डेक म्हणजे वाल्व्ह कंपनीचं, हातात धरून कॉम्प्युटरचे खेळ खेळायचं यंत्र. ते भारतात अधिकृतपणे मिळत नाही, त्यामुळे आयात केलेलाच घ्यावा लागतो. डब्यात चपट्या दोन पिनांचा अमेरिकी चार्जर निघाला आणि सोबत विक्रेत्याने टाकलेला एक पांढरा कन्व्हर्टर. हा कन्व्हर्टर आपल्या सॉकेटमध्ये धड बसत नाही. चार्जरचं वजन आलं की पुढे झुकतो, आत चर्र आवाज होतो. काही दिवसांत पिनेभोवतीचं प्लास्टिक तपकिरी पडलं. इतके पैसे मोजून घेतलेल्या वस्तूसोबत घर जाळणारी वस्तू फुकट द्यायची आणि वर हात झटकायचे, हे मला अजिबात मान्य नाही. नुसती केबल बदलूनही भागत नाही, कारण डेकच्या चार्जरला केबल कायमची जोडलेलीच असते.

घरात मोबाइलचा ६७ वॉटचा चार्जर होता. तो लावला तर पडद्यावर 'चार्जर संथ आहे' अशी सूचना! डेकला यूएसबी पॉवर डिलिव्हरी (पीडी) या सामाईक चार्जिंग पद्धतीतून १५ व्होल्ट, ३ अँपिअर, म्हणजे ४५ वॉट हवे असतात. मोबाइलच्या चार्जरवरचे मोठे आकडे बरेचदा त्या त्या कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीचे असतात. पीडीवर तोच चार्जर निम्मेसुद्धा देत नाही. म्हणून दुकानात गेलात तर खोक्यावरचा मोठा आकडा सोडा आणि चार्जरच्या पाठीवरची बारीक अक्षरं वाचा. तिथे '१५ व्होल्ट, ३ अँपिअर' छापलेलं असेल तरच पैसे द्या.

नवा चार्जर येईपर्यंत त्या संथ चार्जरवरच दिवस काढले, आणि तिथेच माझं डेकबद्दलचं मत बदललं. तोपर्यंत मला हे यंत्र जरा कमजोर वाटायचं. १२८० बाय ८०० चा पडदा, २०२२ च्या मूळ मॉडेलइतकीच जवळपास ताकद. त्यापेक्षा असूसचा रॉग अ‍ॅलाय किंवा लेनोवोचा लिजन गो घ्यायला हवा होता असं मनात यायचं. पण चार्जर पुरत नाही म्हटल्यावर यंत्र किती वीज खातं ते बघायला लागलो, आणि आता ती सवयच लागली आहे.

उजवीकडचं तीन ठिपक्यांचं बटण दाबा, बॅटरीच्या चिन्हावर जा. तिथे टीडीपी, म्हणजे प्रोसेसरने जास्तीत जास्त किती वीज खायची ती मर्यादा, ३ ते १५ वॉटच्या मधे कुठेही बांधता येतो. आकडेवारीची पट्टी चालू ठेवली की बॅटरीतून या क्षणी किती वॉट जातायत ते कोपऱ्यात दिसत राहतं. स्टारड्यू व्हॅलीसारख्या हलक्या खेळाला ४ वॉटची मर्यादा घातली तरी खेळात तसूभर फरक पडत नाही, आणि पडद्यासकट सगळं यंत्र सहा-सात वॉटवर चालतं. बॅटरी ५० वॉट-अवर्सची आहे. भागाकार तुम्हीच करा. विचर ३ सारखा जड खेळ मोकळा सोडला तर हाच आकडा विशीच्या आसपास जातो आणि अडीच तासांत खेळ खलास. त्यावर उपाय म्हणजे सेकंदाला ४५ फ्रेम्सची (चित्रांची) मर्यादा. पडदा ९० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ९० वेळा ताजा होणारा असल्यामुळे प्रत्येक फ्रेम बरोबर दोनदा दिसते, खेळ अडखळत नाही, आणि ३० फ्रेम्सचा जडपणाही जाणवत नाही. जुन्या एलसीडी मॉडेलवर ही सोय ४० फ्रेम्सची होती. खरं सांगतो, ओएलईडी पडद्याचे काळे रंग वगैरे छानच आहेत, पण मला त्याहून हे ४५ जास्त मोलाचे वाटतात.

आमच्याकडे चिंचवडला गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते. इन्व्हर्टरवर बाबांचा पहारा असतो, डेस्कटॉपचं नावही काढायचं नाही. त्यांना वॉट-मीटर लावून दाखवलं की डेक चार्ज होताना खोलीतल्या पंख्यापेक्षा कमी खातो. त्यांनी चष्मा सरकवून आकडा वाचला, "एवढंच? मग खेळ," म्हणाले. डेस्कटॉपवर दोन तासांच्या खेळाला पाऊण युनिट तरी जायचं.

पॉवर बटणाने खेळ आहे तिथे झोपवणं आणि परत तिथूनच उठवणं यावर सगळ्यांनी लिहून झालंय. माझ्याकडेही ते व्यवस्थित चालतं. नव्या स्टीमओएसमध्ये (डेकच्या लिनक्सवर बेतलेल्या कार्यप्रणालीत) चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायचीही सोय आली आहे. डेक बहुतेक वेळ चार्जरला लावलेला असेल तर ती जरूर वापरा.

व्हॅलोरंट किंवा फोर्टनाइट हेच तुमचे खेळ असतील तर डेकच्या वाटेला जाऊ नका. त्यांची अँटी-चीट, म्हणजे लबाडी पकडणारी यंत्रणा, लिनक्सवर चालत नाही, आणि त्यासाठी यावर विंडोज टाकायचं म्हणजे वर सांगितलेली निम्मी मजा घालवायची.

घेणारच असाल तर ५१२ जीबीचंच मॉडेल घ्या. १ टीबीच्या मॉडेलला चकाकी कमी करणारी काच मिळते, पण जागा कमी पडली तर मायक्रोएसडी कार्ड आहे, आणि आतला २२३० मापाचा एसएसडीही पुढे बदलता येतो. अमेरिकेत दोन्हींच्या मूळ किमतीत १०० डॉलरचा फरक होता, इथे आयातदार तो आणखी फुगवतात. त्या फरकात आपल्या पिनांचा, बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) नोंदणीचा चार्जर आणि २०,००० एमएएचची पीडी पॉवर बँक दोन्ही येतात.