एसटी स्टँडमागचं फौजी पेन्शनवालं केंद्र: काम अजून अडकलंय, तरी चार स्टार

आमच्या तालुक्याच्या स्टँडमागं झेरॉक्सच्या दुकानाला लागून एक छोटा गाळा आहे, एक रिटायर्ड सुभेदार साहेब चालवतात, फौजेत क्लार्क होते, आता माजी सैनिकांची पेन्शनची कामं करून देतात. सातारा जिल्हा म्हणजे घरटी एक फौजी, त्यामुळं दहाला गेलात तरी चार-पाच जण आधीच बसलेले असतात.

मी 22 वर्षं तोफखान्यात काढली, 2022 ला हवालदार म्हणून घरी आलो तेव्हा डावा कान जवळजवळ गेलेला. रिलीज मेडिकल बोर्डानं, म्हणजे फौजेतून सुटताना तपासणाऱ्या डॉक्टरांनी, 30 टक्के अपंगत्व लिहिलं आणि मी खूश, कारण 20 टक्के असलं की डिसॅबिलिटी पेन्शन मिळतेच असं सगळे सांगायचे. मग पत्र आलं, क्लेम नामंजूर. त्यानंतर एका एजंटानं (नाव घेत नाही) मिळणाऱ्या रकमेतला पाव हिस्सा ठरवून अॅडव्हान्स घेतला आणि वर्षभर "फाइल वर गेलीय" एवढंच ऐकवलं, वर म्हणजे कुठं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

सुभेदार साहेबांनी पहिल्या दिवशी फॉर्मबिर्म काही काढला नाही. आधी डिस्चार्जची तारीख विचारली, कारण 21 सप्टेंबर 2023 पासून नियम बदललेत, त्यानंतर आलेल्यांचं वेगळं बघावं लागतं. मग मेडिकल बोर्डाचे कागद मागितले आणि म्हणाले, टक्के नंतर, आधी नाना आहे का बघू. मला वाटलं गावातल्या कुठल्या नानांची चौकशी करतायत! नाना म्हणजे नायदर अॅट्रिब्युटेबल नॉर अॅग्रॅव्हेटेड, दुखणं नोकरीमुळं झालेलं पण नाही आणि नोकरीत वाढलेलं पण नाही. माझ्या कागदावर नेमकं तेच. 22 वर्षं तोफेशेजारी उभं राहून कान नोकरीमुळं गेला नाही म्हणे, मग काय आमच्या मंडळींच्या बोलण्यानं गेला का?

तर खरी गोम त्या एका ओळीत असते आणि आपण सगळे टक्केवारी बघत बसतो. त्यांनी भरतीच्या वेळचं मेडिकल शोधायला लावलं, त्यात कान ठणठणीत. सुप्रीम कोर्टाचा 2013 चा धरमवीर सिंग केसचा निकाल आहे, भरती होताना आजाराची नोंद नसेल तर तो नोकरीतच लागला असं धरून चालायचं, नाही म्हणायचं तर कारण मेडिकल बोर्डानं द्यायचं. तो धरून अपील लिहिलं. मुदत सहा महिन्यांची होती, माझी एजंटच्या नादात केव्हाच गेलेली, म्हणून उशीर माफ करा असा वेगळा अर्ज जोडला.

पैशाचा हिशेब पण त्यांनीच समजावला. 100 टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या 30 टक्के मिळतात, कमी असेल तर त्या प्रमाणात. म्हणजे पगार 40 हजार धरला तर 30 टक्क्यांना 3,600. पण 50 च्या आतलं अपंगत्व राउंड करून 50 धरतात, मग तेच 6,000 होतात, आणि नेहमीची सर्विस पेन्शन वेगळी चालूच. डिसेंबर 2014 च्या राम अवतार निकालानंतर हे पूर्ण नोकरी करून आलेल्यांना पण लागू आहे.

पहिलं अपील नाकारलं गेलं. हे त्यांनी आधीच सांगून ठेवलेलं, त्यामुळं राग आला नाही. आता दुसरं दिलंय, तेही गेलं तर आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल, म्हणजे फौजींच्या केसेसचं कोर्ट, आपल्याला मुंबईचं बेंच. तिथं वकील बघा, ते माझं काम नाही असं सरळ बोलले. अपील लिहायचे 300 घेतले, झेरॉक्स वेगळी, कमिशनचा विषयच नाही. हयातीचा दाखला स्पर्शवर (फौजी पेन्शनचं ऑनलाइन पोर्टल) भरून द्यायचे 50, तो पाच मिनिटांत झाला.

एक स्टार कापला तो अशासाठी की फोन उचलत नाहीत, आणि तिथं प्रायव्हसी शून्य. निम्म्या गिऱ्हाइकांना माझ्यासारखंच कमी ऐकू येतं, साहेब ओरडून बोलतात, माझी पेन्शन किती ते आता कंडक्टरला पण पाठ झालंय.

जाताना डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीची ऑर्डर) आणि मेडिकल बोर्डाची पानं ओरिजिनल न्या, मोबाइलवरचे फोटो ते बघत नाहीत. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याची गर्दी असते, अपिलाचं काम असेल तर तेव्हा जाऊ नका.