हॉकर हरिकेन, १/४८ प्रमाण: किट पूर्ण करून काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

हॉकर हरिकेन एमके १ या दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश लढाऊ विमानाचे १/४८ प्रमाणातील प्लास्टिकचे किट मी जोडले, रंगवले आणि पूर्ण झाल्यावर काही महिने रोज नजरेसमोर ठेवले. त्यानंतरच हा अनुभव लिहीत आहे. खोका उघडताच लिहिलेल्या परीक्षणांतून साच्याची सफाई आणि भागांची संख्या कळते. जोड टिकतात का, डिकलच्या (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील चिन्हांच्या) कडा उचलतात का, चाकांचे बारीक दांडे वजन पेलतात का, हे मात्र काळ गेल्यावरच कळते आणि किट घ्यायचे की नाही हे ठरवताना मला तीच माहिती अधिक उपयोगाची वाटते.

या किटचे मूल्यमापन करण्यापूर्वी मूळ विमानाची घडण लक्षात घ्यायला हवी. सिडनी कॅम यांच्या आराखड्यानुसार बनलेले हरिकेन ६ नोव्हेंबर १९३५ रोजी पहिल्यांदा उडाले. त्याचा सांगाडा धातूच्या नळ्यांचा होता. कॉकपिटच्या मागे या सांगाड्यावर लाकडी चौकटी आणि लांब लाकडी पट्ट्या बसवून त्यांवर लिननचे कापड ताणलेले असे आणि कापडाला डोपचे (कापड आवळून घट्ट करणाऱ्या लेपाचे) थर दिलेले असत. नाकाकडचा भाग मात्र पत्र्याचा होता. पंख सुरुवातीला कापडी होते आणि १९३९ पासून धातूच्या पत्र्याचे बसू लागले. म्हणजे १९४० च्या हरिकेनमध्ये विमानबांधणीच्या दोन पिढ्या एकमेकींना लागून उभ्या आहेत. त्यामुळे हरिकेनच्या कोणत्याही प्रतिकृतीला मी पहिली कसोटी हीच लावतो की तिच्यात कापड कापडासारखे आणि पत्रा पत्र्यासारखा दिसतो का.

या कसोटीला हे किट उत्तम उतरते. अनेक प्रतिकृतींमध्ये दोन पट्ट्यांमधले कापड इतके खोल गेलेले दाखवतात की धडाचा मागचा भाग उपाशी जनावराच्या बरगड्यांसारखा दिसू लागतो. प्रत्यक्षात डोप वाळताना कापड आक्रसते आणि ढोलाच्या पानासारखे नसले तरी चांगले घट्ट बसते. पट्ट्यांच्या कडा प्रकाश तिरपा पडला तरच स्पष्ट होतात. या किटमध्ये तेवढाच सौम्य उठाव आहे. पत्र्याच्या भागावरील पॅनेल लाइनही (पत्र्यांच्या सांध्यांच्या रेघाही) बारीक आणि उथळ आहेत. हे महत्त्वाचे का, ते एका हिशोबातून कळेल: प्रतिकृतीवर ०.२ मिलिमीटर रुंदीची रेघ म्हणजे खऱ्या विमानावर जवळपास १ सेंटिमीटरची फट होते. एवढी फट असलेले विमान कोणी उडवले नसते. मूळ विमानाच्या पंखांचा विस्तार १२.१९ मीटर, म्हणजे प्रतिकृतीत साधारण २५.४ सेंटिमीटर, माझ्या पट्टीवर माप त्याला धरून आले.

या सौम्य उठावामुळेच एक अवघड काम पुढे येते. धडाचे दोन अर्धे भाग जोडल्यावर पाठीच्या मध्यावरून जोडाची रेघ जाते आणि खऱ्या विमानावर त्या जागी अखंड कापड होते. ही रेघ नेहमीप्रमाणे पुट्टी भरून पॉलिश पेपरने घासली, तर शेजारच्या पट्ट्यांचा उठावही घासला जातो आणि तो परत आणता येत नाही. म्हणून मी टामिया कंपनीचे पातळ द्रव सिमेंट, म्हणजे प्लास्टिक वितळवून जोडणारा गोंद, वापरले. ते केशाकर्षणाने फटीत शिरते आणि दोन्ही कडा मऊ करते. भाग हलकेच दाबले की वितळलेले प्लास्टिक धाग्याएवढे वर येते. ते पूर्ण कडक होण्यासाठी काही दिवस जाऊ दिले आणि नंतर फक्त तो धागा नव्या पात्याने खरवडून काढला. उरलेल्या सूक्ष्म खोलगट जागी मिस्टर सरफेसर (बारीक खाचा भरणारा द्रव लेप) लावून, तो वाळायच्या आत थिनरमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसून घेतला, म्हणजे तो खाचेत राहतो आणि आजूबाजूला चढत नाही. आज कित्येक महिन्यांनी पाठीवर प्रकाश तिरपा धरून पाहिले तरी जोड दिसत नाही. याचे बरेचसे श्रेय किटच्या प्लास्टिकला आहे. ते फार मऊ नाही, ठिसूळही नाही, आणि पात्याखाली स्वच्छ निघते.

कॉकपिट हा या किटचा सर्वात समृद्ध भाग आहे. हरिकेनच्या कॉकपिटला सलग जमीन नव्हती. वैमानिकाच्या पायांखाली दोन अरुंद पन्हळी होत्या आणि त्यांच्या खाली थेट नळ्यांचा सांगाडा. किटमध्ये हा सांगाडा वेगळ्या भागांतून उभा राहतो आणि वरून डोकावल्यावर आसनाच्या बाजूने खोलवरच्या नळ्या खरोखर दिसतात. नळ्यांना ॲल्युमिनियमचा रंग देऊन त्यावर पातळ गडद वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग) दिला की सांध्यांचे तपशील उठून येतात. मुख्य पॅनेलमधील सहा उपकरणांच्या तबकड्या या प्रमाणात जेमतेम दीड मिलिमीटरच्या आहेत, तरीही त्यांच्या कडांचा उठाव धारदार आहे. तबकड्यांसाठी दिलेले डिकल एकेक कापून बसवावे आणि प्रत्येकीवर चकचकीत वार्निशचा थेंब ठेवावा, म्हणजे काचेचा भास होतो. कंट्रोल कॉलमच्या (विमान वळवण्याच्या दांड्याच्या) वरची वर्तुळाकार मूठ इतकी बारीक आहे की ती किटच्या प्लास्टिक चौकटीतून कापताना निपरऐवजी (छोट्या कातर-पकडीऐवजी) दातेरी पाते वापरणेच योग्य. आसनाचे पट्टे मात्र किटमध्ये केवळ डिकलच्या रूपात आहेत आणि बाकीच्या कॉकपिटच्या मानाने ते फारच सपाट दिसतात. तिथे मी पितळी पत्र्याचे कोरीव पट्टे वेगळे घेऊन बसवले. ज्यांना कॉकपिट उघडे ठेवायचे आहे त्यांनी हा खर्च गृहीत धरावा.

पंखांची जोडणी हा किटचा कच्चा दुवा आहे. धड पुस्तिकेतील क्रमाने जोडून पंख खालून बसवले, तर पंखाच्या वरच्या पृष्ठाला आणि धडाला जोडणाऱ्या सांध्यात दोन्ही बाजूंनी फट राहते, हे कोरडी (गोंद न लावता) जुळणी करतानाच लक्षात येते. ती पुट्टीने भरणे हा वाईट उपाय आहे, कारण तो सांधा कापडी भागाला लागून आहे. स्प्रूचा (भाग ज्या प्लास्टिक चौकटीला लागून येतात तिचा) एक तुकडा मापात कापून धडाच्या आत आडवा बसवला आणि धड अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी रुंदावले, तेव्हा दोन्ही फटी एकदमच मिटल्या. आतला तुकडा कॉकपिटच्या मागे लपतो. इतकी साधी तरतूद किटमध्येच असायला हवी होती. चाकांचा कप्पा, रेडिएटर आणि शेपटीचे पंख यांबद्दल काही तक्रार नाही. ते पहिल्या प्रयत्नात सरळ बसतात.

रंगकामाच्या बाबतीत पुस्तिकेवर पूर्ण विश्वास टाकू नये. मी निवडलेले विमान ब्रिटिश हवाई दलाच्या २४९ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे (तुकडीचे), ऑगस्ट १९४० मधले आहे. याच स्क्वाड्रनच्या जेम्स निकोलसन यांनी १६ ऑगस्ट १९४० रोजी साउदॅम्प्टनजवळ पेटलेल्या हरिकेनमध्ये बसून शत्रूच्या विमानावर मारा चालू ठेवला होता. दुसऱ्या महायुद्धात फायटर कमांडला, म्हणजे त्या दलाच्या लढाऊ विमानांच्या विभागाला, मिळालेला एकमेव व्हिक्टोरिया क्रॉस (ब्रिटनचा सर्वोच्च शौर्यपुरस्कार) त्यांचा आहे. त्या उन्हाळ्यातल्या विमानांविषयी इतका आदर असताना रंगाचे तपशील चुकीचे राहू देणे मला योग्य वाटत नाही. पुस्तिकेत स्पिनर (पंख्याच्या मध्यावरची टोकदार टोपी) स्काय, म्हणजे फिकट हिरवट रंगाचा दाखवला आहे आणि शेपटीपुढे त्याच रंगाचा पट्टा दिला आहे. ही दोन्ही चिन्हे नोव्हेंबर १९४० च्या अखेरीस आली, त्यामुळे ऑगस्टच्या विमानाचा स्पिनर काळा ठेवला आणि पट्टा गाळला. पोटाचा स्काय रंगही जूनमध्ये नुकताच लागू झाला होता आणि सुरुवातीला तो सगळीकडे एकाच छटेचा मिळत नव्हता. त्यामुळे किंचित निळसर किंवा हिरवट झाक आली तर बिघडत नाही. वरच्या बाजूचे डार्क अर्थ (तपकिरी) आणि डार्क ग्रीन (गडद हिरवा) यांची सीमारेषा मी काढता येणाऱ्या चिकट पुट्टीच्या बारीक वळ्या चिकटवून एअरब्रशने काढली. या प्रमाणात ती कड जवळजवळ रेखीवच दिसायला हवी.

झीज दाखवताना पुन्हा कापड आणि पत्रा यांचा भेद आठवावा लागतो. हरिकेनच्या कितीतरी प्रतिकृतींवर धडाच्या मागच्या भागात रंग उडून चांदीसारखा धातू उघडा पडलेला दाखवतात, पण तिथे पत्राच नव्हता. कापडावर रंग फिका पडतो, मळतो, हाताळणीने काळवंडतो. त्याखाली धातू चमकत नाही. म्हणून चंदेरी रंगाचे बारीक ठिपके मी फक्त पंखाच्या मुळाशी, वैमानिक चढतो त्या जागी, बंदुकांच्या झाकणांच्या कडांना आणि इंजिनाच्या आवरणावर दिले. मागे कापडी भागावर तैलरंगाचे अतिशय पातळ थर ओढून केवळ मळकटपणा आणला. किटच्या पृष्ठभागाने हा भेद मुळातच जपलेला असल्यामुळे रंगकाम त्याच्याशी सुसंगत ठेवता आले, आणि माझ्या दृष्टीने हेच या किटचे सर्वात मोठे बलस्थान आहे.

डिकल पातळ आहेत, रंगांची जुळणी अचूक आहे आणि राउंडेलचे (हवाई दलाच्या वर्तुळाकार चिन्हाचे) केंद्र सरकलेले नाही. धडावरचा पिवळ्या कडेचा राउंडेल नेमका पट्ट्यांच्या उठावावर येतो, त्यामुळे आधी चकचकीत वार्निश, मग मायक्रो सेट (डिकल चिकटण्यास मदत करणारे द्रावण), डिकल जागेवर बसल्यावर मायक्रो सोल (डिकल मऊ करणारे द्रावण), असा क्रम पाळावा. मायक्रो सोल लागताच डिकल सुरकुततो; त्या वेळी त्याला हात लावू नये, तो वाळताना आपोआप ताणून उठावावर बसतो. महिने उलटल्यावरही एकही कड उचललेली नाही आणि डिकलखाली हवा अडकून येणारी चांदीसारखी झाक कुठेही नाही. पंखाच्या पुढच्या कडेवर आठ बंदुकांच्या तोंडांवरचे लाल पट्टे डिकलऐवजी पातळ कागद लाल रंगवून चिकटवले, कारण मूळ पट्टेही डोप दिलेल्या कापडाचेच होते.

कॅनोपीबद्दल (कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाबद्दल) माझे मत संमिश्र आहे. काच स्वच्छ आहे, चौकटी बारीक आहेत. पण उघड्या स्थितीसाठी दिलेले सरकते झाकण पाठीवर जरा उंच बसते. बंद झाकण उत्तम जुळते, मात्र मग आतले सारे काम झाकले जाते. झाकणाची आतली खालची कड घासून पातळ केल्यावर ते पुरेसे खाली आले. काच चिकटवण्यासाठी पांढरा गोंदच वापरावा. सुपरग्लूच्या वाफेने पारदर्शक प्लास्टिक धूसर होते.

अँटेनाच्या तारेसाठी किटमध्ये काहीच दिलेले नाही. जुन्या एचएफ रेडिओच्या विमानांवर खांबापासून शेपटीपर्यंत तार होती आणि व्हीएचएफ रेडिओ आल्यावर ती गेली. १९४० च्या उन्हाळ्यात हा बदल चालू असल्याने आपल्या विमानाचे छायाचित्र पाहूनच निर्णय घ्यावा. तार लावायची असेल तर ताणलेल्या स्प्रूपेक्षा लवचीक धागा कितीतरी चांगला. माझा धागा अजून सरळ आहे आणि साफसफाई करताना ब्रशचा धक्का लागूनही तुटलेला नाही.

चाकांचे दांडे वजनाने वाकलेले नाहीत. मॅट वार्निशवर धूळ चटकन बसते आणि कापडी भागाच्या खाचांतून ती निघणे कठीण जाते, म्हणून प्रतिकृती पारदर्शक पेटीतच ठेवावी. पहिल्यांदाच किट हाताळणाऱ्याला पंखांचा सांधा आणि पाठीचा जोड जड जाईल. त्याने आधी एखादे सोपे, पूर्ण धातूच्या विमानाचे किट करावे. दोन-चार प्रतिकृती पूर्ण केलेल्या कोणालाही हे किट मी निःशंकपणे सुचवेन. याच साच्यांवर आधारलेली, कापडी पंखांची आणि दोन पात्यांच्या लाकडी पंख्याची सुरुवातीची आवृत्तीही मिळते, आणि पुढचे काम मी तिच्यावरच करणार आहे.