‘द सिम्पसन्स’ : डीव्हीडी संच की डिस्ने प्लस?

अमेरिकेत ५ नोव्हेंबर १९९६ रोजी अध्यक्षपदासाठी बिल क्लिंटन आणि बॉब डोल यांच्यात लढत झाली. त्याच्या जेमतेम नऊ दिवस आधी ‘द सिम्पसन्स’ या अमेरिकी व्यंगचित्र मालिकेच्या हॅलोविन भागात कँग आणि कोडॉस हे दोन परग्रहवासी या दोन्ही उमेदवारांची रूपे घेऊन प्रचार करतात, सोंग उघडे पडल्यावरही ‘पद्धत द्विपक्षीय आहे, आमच्यापैकीच एकाला निवडावे लागेल’ असे सुनावतात, आणि लोक मुकाट्याने कँगला निवडून देतात. साखळदंडात ओझी ओढणारा मालिकेचा नायक होमर तेव्हा म्हणतो, ‘मला दोष देऊ नका, मी कोडॉसला मत दिले होते.’

हा भाग असलेल्या आठव्या हंगामाच्या २००६ च्या डीव्हीडी संचात चित्र मूळ ४:३ (जुन्या टीव्हीच्या आकाराच्या) चौकटीतच आहे, शिवाय निर्मात्यांचे समालोचनही ऐकता येते. डिस्ने प्लस या ऑनलाइन प्रसारण सेवेवर सोय अर्थातच अधिक. परंतु नोव्हेंबर २०१९ मध्ये जुने भाग तेथे रुंद पडद्यासाठी वरून-खालून कापून आले आणि मूळ चौकट मे २०२० मध्ये परतली. त्या कापाकापीत मालिकेतल्या डफ बिअरच्या तीन प्रकारांना पुरवठा करणारी एकच नळी, म्हणजे तिन्ही बिअर एकच असल्याचा विनोद, दिसेनाशी झाली होती. (कँग-कोडॉसचा विनोद याहून वेगळा तो काय?) पुढे हाँगकाँगमध्ये, चीनने १९८९ मध्ये जेथे निदर्शने चिरडली त्या तिआनआनमेन चौकाचा उल्लेख असलेला २००५ चा भाग या सेवेवर मिळतच नसल्याचे २०२१ मध्ये आढळले. घरातल्या तबकडीवरचा भाग असा परस्पर काढून घेता येत नाही, म्हणून मी संचाच्याच बाजूने आहे.