क्लोव्हर की क्रीड? भयपटातली बाई वाचायची तर

इफ्फीच्या दिवसांत पणजीत भयपटावर वाद झाला की भयपटातल्या बाईवर लिहिणाऱ्या दोन अभ्यासकांची नावं निघतातच: कॅरोल क्लोव्हर आणि बार्बरा क्रीड. आधी कोणाला वाचायचं?

क्लोव्हर मूळच्या जुन्या नॉर्स साहित्याच्या अभ्यासक, आणि १९९२च्या पुस्तकात हाताळलं काय, तर चाकू-करवतीचे स्लॅशरपट! त्यांची ‘फायनल गर्ल’ म्हणजे शेवटपर्यंत टिकणारी मुलगी. ‘हॅलोविन’मधली (१९७८) लॉरी आठवा. प्रेक्षागृहातली तरुण पोरं खुन्याच्या नव्हे, तिच्या जागी उभी राहून घाबरतात, हा त्यांचा मुद्दा.

क्रीड यांचं पुस्तक १९९३चं. त्यांना बळी ठरणारी बाई नको, भीती घालणारी हवी. बाई भयंकर वाटते ती तिच्यात काही उणं असतं, म्हणजे लिंग नसतं, म्हणून, हे फ्रॉइडचं म्हणणं त्या उलटवतात: पुरुषाला धाक असतो तो तिच्याच हातून लिंगच्छेद होण्याचा. ‘एलियन’, ‘कॅरी’, ‘द एक्झॉर्सिस्ट’ यांत रक्त, गर्भ, मातृत्व यांची किळस कशी उभी राहते, हे त्या किळसेवर लिहिणाऱ्या विचारवंत ज्युलिया क्रिस्तेव्हाच्या आधाराने दाखवतात. मानसविश्लेषणाची परिभाषा मात्र जड, दमवते.

तरी आपल्याकडे क्रीडच जास्त उपयोगी पडतात, असं माझं मत. बाळंतपणात मेलेल्या बाईची अळवंतीण करणाऱ्या गोव्या-कोकणात त्यांचा मुद्दा समजावून सांगावा लागत नाही. ‘लपाछपी’तल्या (२०१७) उसाच्या शेतात धावणाऱ्या गरोदर नेहासाठी क्लोव्हर पुरतात, तिला पछाडणाऱ्या बाईपाशी आलात की क्रीडच उघडावी लागते.