नोटबुकएलएम: मराठी माध्यमाच्या एम.ए.ला काही महिने वापरल्यावर

चॅटजीपीटी वर्गात सगळ्यांना ठाऊक असतं. गूगलचं नोटबुकएलएम हे एआय साधन मात्र फार थोड्यांनी उघडून पाहिलेलं असतं. अभ्यासाला तेच जास्त कामाचं. ते आपण चढवलेल्या नोट्समधून उत्तर काढतं आणि विधानापुढे आकडा देतं. त्यावर क्लिक केलं की मूळ उतारा समोर. फुकट खात्यात एका नोटबुकात ५० स्रोत आणि दिवसाला ५० प्रश्न मिळतात, सेमिस्टरला पुरून उरतं.

खरी गोची मराठी पीडीएफची. कितीतरी नोट्स श्रीलिपी, कृतिदेव असल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात. डोळ्यांना मराठी दिसतं, आत मात्र भलतीच अक्षरं साठवलेली असतात. म्हणून आधी दोन ओळी कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करून बघा. कचरा आला तर पानांची जेपीजी चित्रं करा, गूगल ड्राइव्हवर टाका आणि राइट क्लिक करून गूगल डॉक्समध्ये उघडा. चित्राखाली मजकूर येतो. पीडीएफच थेट उघडली तर तोच कचरा परत येऊ शकतो. चित्र सरळ हवं, २ एमबीच्या आत.

मग तो मजकूर वाचायचाच. घ-ध, भ-म यांची अदलाबदल होते, रफार गळतो, ‘कर्ज’चं ‘कज’ होतं. तक्ते हातानेच टाइप करा. उदाहरणार्थ, मराठेशाहीतल्या वसुलीचा तक्ता: चौथ २५ टक्के, सरदेशमुखी १० टक्के. यातला एक आकडा बिघडला तर उत्तर चुकतं, आणि त्यापुढे संदर्भाचा आकडा असल्यामुळे कुणाला शंकाही येत नाही.

दुसरा दोष मतांच्या सरमिसळीचा. १८५७ बंड की स्वातंत्र्ययुद्ध, असं विचारलं की दोन इतिहासकारांचं मिळून एकच मिळमिळीत उत्तर येतं. डावीकडच्या यादीत एकाच स्रोतावर टिक ठेवून विचारा, मग दुसऱ्यावर. तुलना स्वतः लिहा. गुण तिलाच असतात.

नोट्सवरून ते ऐकण्यासाठी ऑडिओही बनवतं; तो २०२५ पासून मराठीतही मिळतो, सेटिंग्जमध्ये आउटपुटची भाषा तेवढी बदलायची. बसमध्ये उजळणीला ठीक, पण सनावळ्या गळतात.

परीक्षेआधी जुन्या प्रश्नपत्रिका चढवून विचारा: ‘यातल्या कोणत्या प्रश्नांची उत्तरं या नोट्समध्ये नाहीत?’ यादी तंतोतंत नसते, पण ग्रंथालयातून कोणतं पुस्तक काढायचं ते नक्की कळतं.