कप्पा काढायचाय: एसपीएसएस, आर की स्टाटा?

दोन नेत्रतज्ज्ञांनी डोळ्याच्या पडद्याचे तेच १०० फोटो वेगवेगळे बसून पाहिले आणि प्रत्येक फोटोला डायबेटिक रेटिनोपथीची (मधुमेहामुळे पडद्याला होणाऱ्या आजाराची) ० ते ४ अशी पायरी दिली. आता दोघांचं कितपत जुळलं, ते थिसिसमध्ये लिहायचंय. गाइड म्हणतात, "कप्पा काढ." कप्पा म्हणजे योगायोगाने होणारं एकमत बाजूला काढून दोघांचं किती जुळलं ते सांगणारा आकडा. विद्यार्थी विचारतो, "कुठल्या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये काढू?" आणि बहुतेक वेळा उत्तर मिळतं, "विभागातल्या कॉम्प्युटरवर जे असेल त्यात."

माझं मत आधीच सांगून टाकतो. परीक्षक, म्हणजे पायरी देणारे तज्ज्ञ, दोनच असतील, प्रत्येकाने सगळे फोटो पाहिले असतील आणि कोड लिहायची भीती वाटत असेल, तर एसपीएसएस पुरतं. तिसरा परीक्षक आला किंवा काही खाने रिकामे राहिले, की आरकडे वळा. स्टाटा चांगलं आहे, पण निव्वळ कप्प्यासाठी कुणी ते विकत घेऊ नये.

एसपीएसएसमध्ये क्रॉसटॅब्स उघडायचं, एक परीक्षक रोमध्ये, दुसरा कॉलममध्ये, स्टॅटिस्टिक्समध्ये कप्प्यावर टिक. दोन मिनिटांचं काम. पण हा झाला कोहेनचा १९६० सालचा साधा कप्पा. त्याच्या हिशेबात १ आणि २ मधला मतभेद आणि ० आणि ४ मधला मतभेद सारखेच. एकाने 'आजार नाही' म्हणायचं आणि दुसऱ्याने 'लगेच लेझर करा', हा फरक किरकोळ नव्हे! पायऱ्या चढत्या असतील तर भारित कप्पाच हवा, म्हणजे मोठ्या मतभेदाला जास्त वजन देणारा. कोहेननेच तो १९६८ मध्ये मांडला, एसपीएसएसच्या मेनूत मात्र तो आवृत्ती २७ मध्ये आला. कॉलेजातली प्रत जुनी असेल तर तिथेच गाडी अडते. जुन्या आवृत्त्यांची आणखी एक खोड म्हणजे एका तज्ज्ञाने ४ ही पायरी एकदाही दिली नसेल, तर तक्ता चौकोनी होत नाही आणि कप्पा मोजायलाच नकार मिळतो. मुलं तेव्हा घाबरून डेटा 'दुरुस्त' करायला बसतात. कृपा करून तसं करू नका.

आर फुकट आहे. त्यातल्या 'आयआरआर' पॅकेजमध्ये कोहेनचा कप्पा साधा, सम भाराचा (वजन पायऱ्यांमधल्या अंतराच्या प्रमाणात) आणि वर्ग भाराचा (त्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात) असा तिन्ही प्रकारे निघतो. वर्ग भाराचा आकडा बहुधा मोठा दिसतो, म्हणून कोणता भार आधी ठरवला होता हे लिहावंच लागतं. तीन किंवा जास्त परीक्षकांसाठी फ्लाइसचा कप्पा आहे, पण तोही पायऱ्यांचा क्रम ओळखत नाही आणि एक जरी खाना रिकामा असेल तर तो आख्खा फोटो गाळतो. क्रिपेनडॉर्फचा अल्फा हे एकमताचं दुसरं माप दोन्ही सांभाळतं. आरचे काटे वेगळे आहेत. अल्फाला परीक्षक आडव्या ओळींत लागतात, बाकीच्यांना उभ्या रकान्यांत. उलटं दिलंत तरी आर तक्रार करत नाही, निमूटपणे चुकीचा आकडा देतो. पायऱ्या शब्दांत लिहिल्या तर क्रम इंग्रजी वर्णमालेचा लागतो, म्हणून आकडेच भरा. आणि 'आयआरआर' कप्प्याबरोबर विश्वासमर्यादा (कॉन्फिडन्स इंटरव्हल) देत नाही. ती थिसिस तपासणारे हमखास विचारतात. त्यासाठी 'साइक' पॅकेज घ्या.

स्टाटात 'कॅप' ही एक आज्ञा दिली की झालं, भारासकट. दोनपेक्षा जास्त परीक्षकांना मात्र भार लावता येत नाही. कोड नको आणि पैसेही नकोत, अशांनी जॅस्प पाहावं.

पायऱ्यांऐवजी मोजमाप असेल, समजा कॉर्नियाची जाडी मायक्रॉनमध्ये, तर कप्पा विसरा, आयसीसी (इंट्राक्लास कोरिलेशन, म्हणजे मोजमापांसाठीचं जुळणीचं माप) काढा. इथे एसपीएसएस न विचारता 'कन्सिस्टन्सी' निवडून ठेवतं. एक तज्ज्ञ प्रत्येक डोळ्यात १० मायक्रॉन जास्त मोजत असला, तरी त्या पर्यायात दोघांचं अगदी छान जुळतं! तुम्हाला बहुतेक वेळा 'ॲब्सोल्यूट ॲग्रीमेंट' हवं असतं. आरचं 'साइक' आयसीसीचे सहाही प्रकार एकदम समोर ठेवतं, मग निवड तुमच्या गळ्यात.

आता एक गोष्ट, जी यातलं कुठलंच सॉफ्टवेअर आपणहून सांगत नाही. समजा, १०० फोटोंत फक्त 'आजार आहे की नाही' एवढंच ठरवायचंय. दोघे ९० वेळा 'नाही' म्हणाले, २ वेळा 'आहे', आणि उरलेल्या ८ मध्ये चार-चारदा एकेकटे 'आहे' म्हणाले. म्हणजे ९२ टक्के एकमत. कप्पा येतो ०.२९. कप्पा चांगला की वाईट ते ठरवणाऱ्या लँडिस आणि कॉख यांच्या १९७७ च्या पट्टीवर हे 'बेताचं'. गणित चुकलेलं नाही. आजार इतका विरळ आहे, की नुसत्या योगायोगानेच ८९ टक्के एकमत अपेक्षित धरलं जातं, मग कमावायला उरतं काय? ग्वेटचा एसी१, म्हणजे योगायोगाचा हिशेब वेगळ्या रीतीने धरणारं एकमताचं माप, त्याच तक्त्यावर ०.९१ देतो. आरमध्ये त्यासाठी 'आयआरआरसीएसी' हे पॅकेज आहे. पण सोयीचा म्हणून फक्त एसी१ छापणं मला पटत नाही. दोन्ही आकडे द्या आणि शेजारी तो चार खान्यांचा तक्ताही छापा, अर्ध्या पानाचीही जागा लागत नाही.