नंदिनीचं सेंटर की कोल्हापूरची गाडी? सीमाभागातल्या गोठ्याचा हिशेब

निपाणी-चिकोडीच्या पट्ट्यात किंवा बेळगावच्या पश्चिमेला चंदगडच्या शिवेलगत नवी गाय दावणीला बांधायची म्हटलं, की दूध कुठं घालायचं हे आधी ठरवावं लागतं. गावातली सोसायटी असते. तिच्यामागे बेळगाव जिल्हा संघ आणि त्याच्याही मागे कर्नाटक मिल्क फेडरेशन, म्हणजे ‘नंदिनी’ नावानं दूध विकणारे. काही गावांत कोल्हापूरकडच्या संघाची गाडी येते. शिवाय खाजगी डेअरीचा माणूस आणि शहरातला रतीब. बहुतेक जण फलकावरचा दर बघून ठरवतात. पण फलकावर सरकारी पैसे नसतात आणि दिवाळीला संघ वरून देतो तो दर फरकही नसतो.

आधी सरकारी पैशांचं बघू. कर्नाटकात २००८ साली येडियुरप्पांच्या सरकारनं लिटरमागे २ रुपये प्रोत्साहनधन सुरू केलं. २०१३ मध्ये सिद्धरामय्यांनी ते ४ केलं, पुढं ५ झालं. सरकारं बदलली, पक्ष बदलले, तरी ते बंद करायची हिंमत कुणी केली नाही. थकतं मात्र भरपूर. महिनोन् महिने खात्यावर काही दिसत नाही आणि मग एकदम दोन-तीन महिन्यांचं येतं. म्हणून त्या पैशांवर पेंडेची उधारी करू नये.

महाराष्ट्राचं अनुदान गरजेपुरतं येतं नि जातं. दूध पावडरीचा भाव पडला, गाईच्या दुधाचा दर कोसळला, रस्त्यावर दूध ओतलं गेलं, की घोषणा होते. २०१८ च्या आंदोलनानंतर तसंच झालं होतं. २०२४ च्या जानेवारीत ५ रुपये जाहीर झाले, दोन महिन्यांपुरते. जुलैपासून पुन्हा: डेअरीनं ३० द्यायचे, सरकारनं ५. ऑक्टोबरपासून सरकारचे ७ झाले, पण डेअरीचे २८ वर आले. बेरीज करून बघा, दोन्ही वेळा ३५च. अनुदान वाढल्याची बातमी छापून आली, पण वाढलेले दोन रुपये शेतकऱ्याच्या हातात आलेच नाहीत; तेवढा डेअरीचा भार हलका झाला. हे सगळं फक्त गाईच्या दुधाला, ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला (फॅट सोडून दुधात उरणारा घन भाग), जनावराच्या कानात बिल्ला आणि त्याची ऑनलाइन नोंद असेल तर.

सीमाभागातला माणूस नेमका इथं अडकतो. महाराष्ट्राची योजना महाराष्ट्रातल्या उत्पादकासाठी होती. कर्नाटकाचं प्रोत्साहनधन फेडरेशनच्या साखळीतल्या सोसायटीत दूध घालणाऱ्याला मिळतं. गोठा कर्नाटकात आणि दूध कोल्हापूरच्या गाडीत, असा मेळ असला तर दोन्हीकडचं हुकतं. सीमाप्रश्नाचा निकाल लागेल तेव्हा लागो, दुधाच्या बिलात तो रोज लागतोय.

म्हणून गाईसाठी माझा हिशेब सरळ आहे. सरासरी १० लिटर देणारी गाय, ३०० दिवसांचं वेत, म्हणजे ३००० लिटर. ५ रुपयांनी १५,००० होतात. कोल्हापूरकडची गाडी तुमच्या फॅट-एसएनएफला सोसायटीपेक्षा लिटरमागे किती जास्त देते ते काढा आणि दोन्हीकडचा दिवाळीचा दर फरक त्यात धरा. ही तफावत ५ च्या पुढं गेली तरच गाडी परवडते. प्रोत्साहनधन उशिरा येतं म्हणून हवं तर ५ चे ४ धरा. तरीही संकरित गाय असेल तर मी सोसायटीतच घालेन. गाईच्या जास्तीच्या दुधाची शेवटी पावडर होते आणि पावडरीचा भाव पडतो तेव्हा टिकून राहायला मोठा आधार लागतो. कर्नाटकात शाळेतल्या पोरांना दूध देणारी क्षीरभाग्य योजना २०१३ पासून आहे, तिथं बरीच पावडर खपते.

म्हशीचं गणित वेगळं. तिचा पैसा फॅटवर आहे. सहाच्या पुढच्या प्रत्येक पॉइंटला कोण किती वाढवतं, हे त्या-त्या संघाच्या दरपत्रकात बघा. कोल्हापूरकडं म्हशीच्या दुधाला मान आहे आणि तो दरात दिसतो. त्या दरापुढं ५ रुपये गाईच्या मानानं फार भरत नाहीत. बेळगाव जवळ असेल तर रतीब किंवा कुंदा आटवणारा हलवाई त्याहून बरा, मात्र पावसात-लग्नसराईत रोज पोचवायची तयारी हवी. खाजगी डेअरीवाला उचल देतो, ही त्याची खरी ताकद. आणि उचल घेतली की दर त्याचाच.

पुढं काय होईल? दुधाला उसाच्या एफआरपीसारखा कायद्याचा आधारभाव नाही आणि तो लवकर येईल असं मला वाटत नाही. २०२३ च्या निवडणुकीत काँग्रेसनं कर्नाटकात प्रोत्साहनधन ७ रुपये करायचं वचन दिलं होतं. त्यानंतर वाढत गेला तो पिशवीचा दर: ऑगस्ट २०२३ मध्ये ३ रुपये, जून २०२४ मध्ये २ रुपये (सोबत ५० मिली जास्तीचं दूध देऊन), एप्रिल २०२५ मध्ये ४ रुपये. सरकारला तिजोरीतून देण्यापेक्षा गिऱ्हाइकाकडून घेणं सोपं जातं, असं मी यातून वाचतो. तेव्हा ७ रुपये धरून कर्ज काढू नका. वाढ आलीच तर खरेदीदरातून येईल, आणि तीही पावसाळ्यानंतर दूध वाढलं की संघ थोडी मागं घेऊ शकतो.

एक बारीक गोष्ट राहिली. गाडीकडं वळलात तरी सोसायटीचं सभासदत्व सोडू नका. ते टिकवायला वर्षात ठरावीक दूध घालावं लागतं, किती ते सेक्रेटरीला विचारून घ्या. ज्यांच्याकडं गाय आणि म्हैस दोन्ही आहेत, त्यांनी दोन किटल्या ठेवाव्यात, गाईची वेगळी नि म्हशीची वेगळी. आणि ठरवण्याआधी शेजाऱ्याकडून गेल्या वर्षभराच्या दुधाच्या बिलांची चळत मागून आणा. जमा झालेली सगळी रक्कम भागिले एकूण लिटर, तोच खरा दर.